ही, शी, इट

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागून पत्र्याच्या घरांची एक वस्ती होती, तिथं आम्ही राहायचो. दोन खोल्या, पुढं हातभर ओटा आणि सगळ्या गल्लीत मिळून एक नळ. मागच्या भिंतीला लागूनच टॉवेलांचा कारखाना होता. त्या यंत्रमागांचा खटखटाट दिवसरात्र चालायचा आणि आम्हाला तो ऐकूच येत नसे. ऐकू यायची ती तो बंद पडल्यावरची शांतता. वीज गेली की सगळे माग एकदम थांबायचे आणि आई हातातलं काम टाकून विचारायची, "काय झालं गं?" पुढं लग्न होऊन मी पुण्याला गेले तेव्हा पहिले कितीतरी दिवस मला झोप लागेना. नवऱ्याला वाटलं, हिला माहेरची माणसं आठवतात. माणसं आठवायचीच, पण तो खटखटाटही आठवायचा, आणि हे त्यांना सांगायची मला लाज वाटायची.

आबा, म्हणजे माझे वडील, दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुसऱ्या एका कारखान्यात माग चालवायचे. सांगोल्याकडच्या गावी पाणी नव्हतं म्हणून लग्नानंतर वर्षभरातच ते सोलापुरात आले आणि इथलेच झाले. पाळी संपवून सायकलवरून घरी यायचे तेव्हा त्यांच्या केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर बारीक कापूस बसलेला असायचा. ओट्यावर उभं राहून ते पंच्याने अंग झटकायचे आणि मगच आत यायचे. बोलायचे फार कमी. त्यांना भाकरी कडक लागायची, पापडासारखी मोडणारी, आणि तिच्यावर उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी. दिवसभर मागांच्या आवाजात राहिल्यामुळं असेल, पण त्यांच्याशी बोलताना आम्हाला आवाज चढवावा लागायचा, आणि ते मात्र इतकं हळू बोलायचे की दोनदा विचारावं लागायचं.

केसरआत्या ही आबांची धाकटी बहीण. आजी-आजोबा लवकर गेले होते, त्यामुळं आमच्या दोन खोल्या हेच तिचं माहेर. ती आमच्याकडं पहिल्या बाळंतपणाला आली. मी तेव्हा सहावीत असेन. एका सकाळी तिला सरकारी दवाखान्यात नेलं, मला शेजारी ठेवलं, आणि ती परत आली तेव्हा तिच्याजवळ बाळ नव्हतं. जन्मतःच गेलेलं होतं. मला कुणी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आईनं तिला मेथीचे लाडू केले, अंग शेकलं, डोक्याला फडकं बांधलं, बाळंतिणीचं सगळं केलं. फक्त पाळणा टांगला नाही. तिच्या सासरी निरोप गेला होता. तिकडून कुणी आलं नाही. महिना गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी न्यायला कुणी आलं नाही, आणि मग हळूहळू ती आमच्याच घरातली झाली.

उंच, हाडकुळी, हसताना तोंडावर पदर धरणारी. सासरी तिच्याकडं शेरडं राखायचं काम होतं. जीभ टाळूला लावून ती असा एक आवाज काढायची की गल्लीतून चाललेल्या कुणाच्याही बकऱ्या थबकून मान वळवायच्या. मी तिला पुन्हा पुन्हा तो आवाज काढायला लावायची आणि आई आतून ओरडायची, "वन्सं, लोकं काय म्हणतील!" रात्री मी तिच्या कुशीत झोपायची. तिचे पाय बर्फासारखे गार असायचे, ते ती माझ्या पोटऱ्यांना लावायची आणि मी किंचाळले की हसायची. कारखान्यातून टॉवेलांचे गठ्ठे घरी यायचे, त्यांचे सुटे धागे कात्रीनं कापून घड्या घालायचं काम आई आणि ती करायच्या. आई काम करताना गप्प असायची. आत्याला मात्र काहीतरी ऐकायला लागायचं. ती मला म्हणायची, "रंजे, वाच की गं काय तरी. कायबी वाच."

मी वाचायची ते शाळेचं पुस्तक. मराठी, इतिहास, भूगोल हे सगळं ठीक होतं. इंग्रजी आलं की माझी गाडी अडायची. पाचवीत एबीसीडी, सहावीत शब्द पाठ, सातवीत आणखी शब्द पाठ, आणि आठवीत एकदम व्याकरण. सहामाहीत मी इंग्रजीत नापास झाले. आबांनी प्रगतिपुस्तकावर सही केली, काही बोलले नाहीत. पण आईनं दुसऱ्याच दिवशी नळावर शमीमबाजींना गाठलं.

शमीमबाजी चार घरं सोडून राहायच्या. शहरातल्या एका उर्दू शाळेत शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं, घरी त्या आणि त्यांच्या थकलेल्या अम्मी. गल्लीत सगळे त्यांना बाजीच म्हणायचे, त्यांच्या वयाचेसुद्धा. आई म्हणाली, "आमच्या पोरीचं तेवढं इंग्रजी बघा की." बाजी म्हणाल्या, "भेज दो. पण मेरी अम्मी को तुम्हारे हात की भाकरी भेजना. मेरे से बनतीच नै, फुटती." असा तो व्यवहार ठरला. रोज संध्याकाळी फडक्यात बांधून दोन गरम भाकऱ्या घेऊन मी बाजींकडं जायची. आणि दिवेलागणीनंतर पोरीला एकटीनं सोडायचं नाही म्हणून आईनं आत्याला माझ्याबरोबर पाठवलं. आत्या टॉवेलांचा गठ्ठा काखेत मारून यायची आणि बाजींच्या उंबऱ्याशी बसून धागे कापायची.

पहिल्या दिवशी बाजींनी पुस्तक उघडलंच नाही. मला म्हणाल्या, "इस कमरे में जो जो दिखता, उसका नाव बोल." मी म्हटलं, चटई, तांब्या, खिडकी, घड्याळ. "अम्मी," त्या म्हणाल्या, "अम्मी को भूल गई?" मी म्हटलं, अम्मी. "आणि सोलापूर?" सोलापूर. "बस. नाव म्हणजे नाऊन. दुनिया में जितने नाव हैं, सब नाऊन." मग त्यांनी सांगितलं की, शहर हे कुठल्याही शहराला म्हणता येतं, पण सोलापूर एकच. म्हणून त्याचं पहिलं अक्षर मोठं. मुलगी कुठलीही, पण रंजना मोठ्या अक्षरानं. आणि हाताला न लागणाऱ्या गोष्टींचीही नावं असतात. भूक, भीती, आनंद.

उंबऱ्यावरून आत्या म्हणाली, "हाताला न्हाय लागत, त्येला बी नाव म्हनायचं?"

बाजींनी वळून बघितलं. "हौ. क्यों? भूक लगती की नै तुम्हें?"

"लागती की."

"दिखती क्या?"

आत्या पदराआड हसली. त्या दिवसापासून बाजी शिकवताना एक डोळा माझ्याकडं आणि एक तिच्याकडं ठेवायला लागल्या. काही दिवसांनी त्यांनी तिला विचारलं, कितवी शिकलीस. सातवी पास, आत्या म्हणाली, मग लग्न झालं. "सातवी पास और उंबरे पे बैठती? अंदर आ गे." आणि आत्या गठ्ठ्यासकट आत चटईवर येऊन बसली.

सर्वनाम मला बाजींनी आईवरून शिकवलं. "तुझी अम्मी तुझे अब्बा को क्या बोलती?" मी म्हटलं, काहीच नाही. म्हणजे, 'अहो' म्हणते. दुसऱ्याला सांगताना 'हे' म्हणते. हे आले, ह्यांना भाकरी कडक लागते. "नाव नै लेती?" कधीच नाही. "फिर तेरे को कैसे समजता किसके बारे में बोलती?" हे काय विचारणं झालं, आमच्या घरात 'हे' म्हणजे आबाच. "तोच प्रोनाऊन," बाजी म्हणाल्या. मला ते जे एकदा कळलं ते कायमचं. पुढं मी स्वतः शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि प्रत्येक आठवीच्या वर्गाला हेच उदाहरण दिलं. अलीकडच्या पोरींच्या आया नवऱ्याला नावानं हाक मारतात, त्यामुळं शेवटी शेवटी ते उदाहरण चालेनासं झालं.

मग आले ही आणि शी. पुरुषाला ही म्हणायचं, बाईला शी. मी खो खो हसत सुटले. मराठीत 'ही' म्हणजे बाई, आणि ते खुशाल आबांना म्हणायचं! आत्या तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बाईला म्हनं शी! इंग्रजांनी बी तेच केलं की वो बाजी." बाजीही हसल्या. आत्यानं घरी जाऊन आईला सांगितलं, "वैनी, तुमी शी." आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मला येळ न्हाय," आणि आम्ही दोघी पुन्हा हसलो. सासूलाही यू आणि कुत्र्यालाही यूच म्हणायचं, हे कळलं त्या दिवशी तर आत्यानं संध्याकाळभर त्याच विषयावर करमणूक केली. आय हा नेहमी मोठ्या अक्षरानं लिहायचा, वाक्याच्या मधे आला तरी, याचं तिला फार नवल वाटलं होतं. "मधे आला तरी बी मोठाच? आन् बाकीचे बारके?" तिनं माझ्या वहीवर तो आय काढून बघितला. सरळ उभी रेघ, वर-खाली दोन आडव्या. मान वाकडी करून ती त्याच्याकडं बघत राहिली.

आज मागं वळून बघते तेव्हा त्या संध्याकाळी मला एकत्रच दिसतात, एकीतून दुसरी वेगळी काढता येत नाही. बाजींच्या घरातला रॉकेलचा आणि चिंचेचा वास, कारण अम्मी बहुतेक रोज खिचडी आणि खट्टा करायच्या. गरम खिचडीवर तो आंबट गार खट्टा ओतून आम्हा दोघींना एकाच ताटलीत द्यायच्या. आत्या लसणाच्या पाकळ्या वेचून माझ्या बाजूला सारायची. भिंतीपलीकडचे माग. चटईवरच्या टॉवेलांचा कोरा, पेजेसारखा वास. मी किती सुखात होते हे मला कुणी सांगायला हवं होतं.

एके दिवशी इट आलं. वस्तूंना इट, जनावरांना इट. मराठीत चादर ती, टॉवेल तो, सूत ते. इंग्रजीत सगळं इट. आत्याला ते पटेना. "बकरीला बी इट? माजी मोरी हुती तिकडं. हाक मारली की येत हुती. तिला इट?" बाजी म्हणाल्या, "लाड से शी बोलो, चलता." आणि मग पुस्तकातलं पुढचं वाक्य वाचून त्या सहज म्हणाल्या, "छोटे बच्चे को भी इट बोलते. लडका की लडकी मालूम नै तो."

आत्याची कात्री थांबली.

"बाळाला?"

"हौ. मालूम नै तो."

"आन् ठावं आसल तर?"

"तो ही, नै तो शी."

आत्या मांडीवरच्या टॉवेलाकडं बघत होती. म्हणाली, "पोरगी हुती. मग शी म्हनायचं."

बाजींनी पुस्तक मिटलं. मला आजही त्यांचा चेहरा आठवतो, आपण काय बोलून गेलो ते त्यांना एका क्षणात कळलं होतं. पण त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. त्या म्हणाल्या, "हौ. शी." आणि मग हळूच, "कैसी थी?"

"केस लई हुते," आत्या म्हणाली. "काळेभोर. एवढंच बगितलं मी. मग झाकली तिला." तिनं कात्री उचलली, धागा कापला, दुसरा कापला. "नाव न्हवतं ठेवलं."

अम्मी आतून ताटली घेऊन आल्या. कुणी खाल्लं की नाही मला आठवत नाही. घरी येताना गल्लीत आत्या मला म्हणाली, "घरी काय बोलू नगंस." मी मान हलवली. तिचा हात धरून चालताना मला एकच वाटत होतं, वर्षाहून जास्त काळ ही माझ्याशेजारी झोपते आहे आणि मुलगा होता की मुलगी हे मी हिला विचारलं नाही. मीच काय, आमच्या घरात कुणीच विचारलं नव्हतं. त्या बाळाबद्दल बोलायची वेळ आली तर आई 'ते झालं तेव्हा' असं म्हणायची. त्यात बाळ आलं, दवाखाना आला, सगळंच आलं.

बाजींनी त्यानंतर तिच्या मागं लकडा लावला. बाहेरून दहावीला बस. दहावी झाली की नर्सिंगला घेतात. आत्या म्हणायची, "मला कुटं जमतंय," आणि दुसऱ्या दिवशी गणिताचं पुस्तक घेऊन जायची. आईला हे फारसं आवडलं नव्हतं. दोन खोल्यांत चौघं, त्यात ही पुस्तकं. आणि गावाकडून येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, केसरचं काय ठरलं? आईनं एकदा आबांना म्हटलेलं मी ऐकलं, "किती दिवस असं ठेवायचं? उद्या आपली पोरगी उजवायची हाय." आबा गप्प होते. पण त्यांचं गप्प बसणं मला त्या वेळी होकारासारखं वाटलं.

आणि मग ते आले. कारखान्याला सुट्टी होती, सकाळची वेळ होती. आत्याचा नवरा आणि त्याचा चुलता, हातात डाळिंबांची पिशवी. मी त्या माणसाला पहिल्यांदाच नीट बघत होते. दिसायला चांगला, बुजरा, पायांकडं बघून बोलणारा. तो दुष्ट आहे असं मनात धरून मी दाराआडून बघत होते आणि तो तसा दिसेना, याचा मला राग आला. आबांनी त्यांना बाजेवर बसवलं. आईनं घाईघाईनं शिरा केला. आतल्या खोलीत टॉवेलांच्या ढिगाऱ्यामागं आत्या आणि मी. मधे नुसता पडदा.

बोलत होता तो चुलताच. "झालं गेलं इसरायचं. तिच्या सासूचं अर्धं अंग गेलंय. उटवायला, बशिवायला मानूस न्हाय. तिला आता घिऊन जातो. तिचं घर त्येच की."

"इतके दिवस कुणी आलं न्हाय," आबा म्हणाले.

"आमचं चुकलं म्हना. पर बाईमानसानं भावाच्यात किती दिस ऱ्हायाचं? तिला बी समजतंय. तिची काय ना न्हाय."

पडद्याच्या फटीतून मला आबा दिसत होते. गुडघ्यावर हात, खाली मान. आईनं कप भरले. मला कळून चुकलं की आबा हो म्हणणार आहेत. मी आत्याचा पदर घट्ट धरला. दहावीच्या परीक्षेला थोडेच महिने राहिले होते. तिनं माझ्या मुठीतून पदर सोडवून घेतला, डोक्यावरून सारखा केला आणि पडदा बाजूला करून दारात जाऊन उभी राहिली.

"मला एक इचारायचंय," ती म्हणाली.

चुलत्याला ते आवडलं नाही, पण तो हसून म्हणाला, "इचार की बाई."

ती नवऱ्याकडं बघत होती. "आपल्याला काय झालं हुतं?"

त्याला कळलं नाही. "कशाचं?"

"दवाखान्यात. पोरगा का पोरगी?"

त्यानं चुलत्याकडं बघितलं. चुलता म्हणाला, "आता ते कशाला काढती? ऱ्हायलंच न्हाय त्येचं..."

"मामंजी, मी ह्यांना इचारलं."

माझ्या आठवणीत त्या वेळी मागही थांबले होते. सुट्टी होती म्हणून खरंच थांबले असतील. तो माणूस बाजेच्या सुंभाला बोट लावत बसला होता. शेवटी म्हणाला, "पोरगं हुतं म्हनं."

"कोन म्हनलं?"

त्याला खरोखरच माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं नव्हतं. मला आज त्याची थोडी दया येते, त्या वयात आणि त्या घरात त्याला विचारायचं सुचलंही नसेल. त्या दिवशी मात्र दया आली नाही.

"पोरगी हुती," आबा म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मी नेली तिला. कारखान्यातनं नवा टॉवेल मागून घेतला हुता, त्यात गुंडाळून. कुणी बरोबर न्हवतं." ते थांबले. "मामाच्या मांडीवर जावळ काढत्यात पोरांचं. तिचं लई हुतं."

आई भिंतीला टेकून उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला. तिलाही ते तोवर माहीत नसावं. टॉवेलाचं तर नक्कीच नाही.

चुलत्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आबांनी हात जोडले. "पाव्हणं, च्या गार हुतोय. घ्या. सांगोल्याची येष्टी हाय दुपारची, ती गावंल तुमास्नी."

झालं ते एवढंच. आवाज चढला नाही, भांडण झालं नाही. ते दोघं चहा पिऊन गेले. डाळिंबांची पिशवी राहिली होती, ती आबांनी सायकलवरून स्टँडवर नेऊन त्यांच्या हातात दिली. गावाकडं मात्र या गोष्टीचा बराच बोभाटा झाला. बहिणीचा संसार भावानं मोडला, असं लोक म्हणाले. त्यानंतर आबा गावच्या जत्रेला गेले नाहीत, पुढं कधीच. ते त्यांना किती लागलं असेल हे मला माझे केस पांढरे व्हायला लागल्यावर कळलं.

आई दोन दिवस आत्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आत्यापुढचा गठ्ठा ओढून आपल्यापुढं घेतला आणि म्हणाली, "हे मी कापते. तुमी आब्यास करा." परीक्षेपर्यंत दोघींचं काम एकट्या आईनं केलं. तिच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडला होता.

आत्या दहावी पास झाली. इंग्रजीत काठावर, पण पास. मिरजेला नर्सिंगच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. बाजी बुरखा घालून आल्या होत्या, हातात डबा, त्यात खिचडी आणि वेगळ्या बाटलीत खट्टा. आबांनी तिची पेटी टपावर चढवून घेतली. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि सकाळपासून रडतच होते. मला वाटत होतं, ती मला जवळ घेईल, काहीतरी बोलेल, गाडी सुटल्यावर खिडकीतून हात करील. पण ती पहिल्यांदाच एकटी प्रवास करत होती. कंडक्टरला विचार, तिकीट नीट ठेव, खिडकी उघडते का बघ, यातच तिचा जीव होता. गाडी वळली तेव्हा ती शेजारच्या बाईला सरकायला सांगत होती. मला तिचा खांदा दिसला आणि तोही गेला.

मी तिची वाट बघायला लागले. दिवाळीत ती आली. अंगावर इस्त्रीची साडी, हातात घड्याळ, केस घट्ट बांधलेले. आईनं तिला कपबशीत चहा दिला. आमच्या घरात कपबशी पाहुण्यांनाच मिळायची. मी बघतच राहिले, आणि आत्यानंही ती कपबशी घेतली. रात्री ती माझ्याशेजारी झोपली, पण पाय आपल्याच पांघरुणात ठेवून. मी झोपेचं सोंग घेऊन वाट बघत होते. चार दिवसांनी ती गेली. नंतर नोकरी लागली, बदल्या होत गेल्या, या गावाहून त्या गावाला. दर वर्षा-दोन वर्षांनी ती यायची, माझ्यासाठी काहीतरी घेऊन यायची, माझ्या लग्नात तिनं पुढं होऊन सगळं केलं. पण राहायला म्हणून ती आमच्या घरी पुन्हा कधी आली नाही. तिला यावं लागू नये असंच आम्ही सगळ्यांनी केलं होतं, आणि ते चांगलंच झालं, हे मला कळतं. तरी मला ती चटईवर बसलेली हवी असते.

आबा, आई, बाजी, अम्मी, कुणीच आता राहिलेलं नाही. आत्या आहे. मिरजेजवळच्या एका गावात तिनं निवृत्तीनंतर घर बांधलं, पुढं कडुनिंब, मागं दोन बकऱ्या. गुडघे दुखतात, कानाला कमी येतं, फोनवर ओरडावं लागतं. मीही आता एकटीच आहे, पुण्यातला फ्लॅट मोठा आहे, म्हणून दर फोनला मी तेच म्हणते. परवाही म्हटलं, "आत्या, ये की माझ्याकडं राहायला. कायमची ये."

"काय म्हनतीस?"

"राहायला ये म्हणते!"

"आगं मी कुटं येऊ आता," ती म्हणाली. "माज्या घरात बरं हाय मला. शेरडं कोन बगंल?" आणि मग मोठ्यानं, "तूच ये की गं रंजे. दोन खोल्या रिकाम्याच हायत."

मी हो म्हटलं. मग फोन ठेवून बॅग कुठं ठेवली आहे ते बघायला उठले.